देवधानाची सोयरीक

भंडारा जिल्ह्यातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठावर पावसाळा सरता सरता एक गवत लोंबीवर येते. दुरून पाहिले तर धानच वाटते. जवळ गेल्यावर लांबलचक लालसर कुसळे दिसतात, आणि लोंबीला हात लागला की पुरते न पिकलेले दाणेसुद्धा पाण्यात झडतात. गावात याला देवधान म्हणतात. पलीकडे छत्तीसगडात हाच रानतांदूळ पसहर या नावाने हलषष्ठीच्या उपासाला शिजतो. वनस्पतिशास्त्र या एका नावाखाली निदान दोन जाती पाहते. खोल पाण्यात वर्षानुवर्षे टिकणारी ती ओरायझा रुफिपोगॉन, आणि काठाच्या आटत्या चिखलात एका हंगामात जगून मरणारी ती ओरायझा निवारा. तलावाखालच्या बांधीत रोवलेले धान म्हणजे ओरायझा सटायवा. मधे असतो फक्त एक धुरा. या तिघांचे एकमेकांशी नाते काय, हा प्रश्न सोपा वाटतो, आणि त्याची सोपी उत्तरेही भरपूर आहेत. रूप सारखे म्हणून नाते, नाव सारखे म्हणून नाते, वास सारखा म्हणून नाते. यातले एकही उत्तर एकट्याने पुरत नाही. वनस्पतींचे नाते कोणत्याही एका खुणेवर ठरत नाही, मग ती खूण डोळ्यांना दिसणारी असो की प्रयोगशाळेतली. ते ठरवायला गुणसूत्रांचा सगळा संच तपासावा लागतो, आणि तो तपासला की वंशवृक्षाच्या जागी बहुतेक वेळा गुंतलेली वेल हाती येते. धानाइतका याचा चांगला पुरावा दुसऱ्या कोणत्या पिकात सापडेल असे वाटत नाही, आणि त्यातला एक फार जुना धडा तर आपल्याच मुलखातला आहे.

हा धडा घडला तेव्हा भंडारा मध्य प्रांतात होता. पेरीव धानाच्या शेतात रानधान तण म्हणून माजे. छत्तीसगड-बालाघाटकडे या तणाला करगा म्हणतात. लोंबी येईपर्यंत करगा आणि पीक यांत फरक कळत नाही, आणि लोंबी आली की दाणे झडून पुढच्या वर्षाची सोय झालेली असते. कृषी खात्याने यावर एक हुशार तोड काढली. जांभळ्या पानांचे धान तयार करून शेतकऱ्यांना द्यायचे. मग निंदताना जे हिरवे दिसेल ते उपटायचे. बी. बी. दवे यांनी १९४३ मध्ये मध्य प्रांतातल्या रानधानाच्या प्रश्नावर आणि त्याच्या उपायावर शोधनिबंध लिहिला, त्यात ही हकीकत येते. उपाय काही काळ लागू पडला, आणि नंतर रानधानच जांभळे झाले. धानाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, परक्या परागाने फळणारे शंभरात एखादेच. पण रानटी जातींत परपरागीभवनाचे प्रमाण यापेक्षा पुष्कळ जास्त असते. पिकाचा पराग वाऱ्याने करग्यावर गेला, काही रोपे जांभळी निघाली, आणि निंदणाऱ्या हातांनी हिरवी तेवढी उपटून त्या जांभळ्यांना रान मोकळे करून दिले. जनुकीय खूण हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी विदर्भ-छत्तीसगडच्या पट्ट्यात अशी एक खूण वापरली गेली आणि तिच्यावरचा भरवसा तिथेच मोडलाही. खूण ओळखण्यात चूक झाली नव्हती. ती जातीच्या कुंपणाआतच राहील हे गृहीतक चुकले होते.

मग कुंपण नेमके कुठे असते? पहिले खात्रीचे उत्तर गुणसूत्रांनी दिले. कोवळ्या मुळाच्या टोकाशी पेशी भराभर विभागत असतात. तो भाग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाबला तर गुणसूत्रे काड्यांसारखी सुटी दिसतात आणि मोजता येतात. जपानच्या कुवादा यांनी १९१० मध्ये धानाची गुणसूत्रे मोजली, ती २४ भरली, म्हणजे १२ जोड्या. पुढे जगभर ही मोजणी सुरू झाली. सी. डी. डार्लिंग्टन आणि आपल्या जानकी अम्माळ यांनी १९४५ मध्ये लागवडीतल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा कोशच काढला. नुसत्या आकड्यांतून काय निघू शकते ते मोहरीने दाखवले. आपल्या फोडणीच्या मोहरीत गुणसूत्रे ३६. सलगमाच्या जातीत २० आणि काळ्या मोहरीत १६. या दोघींची बेरीज म्हणजे फोडणीची मोहरी, हे जपानात काम करणाऱ्या यू नागाहारू यांनी १९३५ मध्ये संकरांच्या अभ्यासावरून मांडले. दोन जातींचे संपूर्ण संच एकत्र राहून तिसरी जात झाली होती, आणि तिच्या रूपाकडे पाहून हे कुणाला सुचण्याजोगे नव्हते.

धानाच्या ओरायझा वंशात दोन डझनांच्या आसपास जाती आहेत. बऱ्याच जातींत २४ गुणसूत्रे, काहींत ४८. पण २४ हा आकडा सारखा असला तरी नाते सारखे नसते. ते पाहायचे तर दोन जातींचा संकर करून त्या संकराच्या परागपेशी बनताना काय होते ते पाहावे लागते. आईकडचे आणि बापाकडचे गुणसूत्र त्या वेळी एकमेकांना शोधून जोडी जमवते. देवधान आणि लागवडीचे धान यांच्या संकरात बाराच्या बारा जोड्या जमतात. लागवडीचे धान आणि ओरायझा ऑफिसिनॅलिस यांच्या संकरात मात्र दोन्हीकडची गुणसूत्रे बहुतेक सुटीच राहतात आणि रोप वांझ निघते. अशा निरीक्षणांवरून संचांना अक्षरे दिली गेली. लागवडीचे धान, रुफिपोगॉन आणि निवारा तिघेही ‘एए’, ऑफिसिनॅलिस ‘सीसी’, आणि ४८ गुणसूत्रांच्या मिनुटासारख्या जाती ‘बीबीसीसी’. ही वर्गवारी भक्कम आहे, कारण तिच्यात माणसाच्या डोळ्याने रूपाचा निवाडा केलेला नाही. गुणसूत्रांनी एकमेकांना ओळखले की नाही, एवढीच कसोटी आहे.

तरीही ही कसोटी बाहेरची हद्द आखते आणि तिथेच थांबते. ‘एए’ गटाच्या आत काय चालले आहे ते तिला दिसत नाही. लागवडीच्या धानाचे इंडिका आणि जपोनिका हे दोन मोठे गट जपानी संशोधकांनी १९२८ मध्ये वेगळे केले, ते त्यांचे संकर पुष्कळदा अर्धवट वांझ निघतात म्हणून. दोन्हींची गुणसूत्रे बारा जोड्या, जोड्या जमतातही, तरी संततीच्या लोंबीत पोचट दाणे. म्हणजे गुणसूत्रे एकमेकांना ओळखतात, पण त्यांच्यावरचा मजकूर वेगळा झालेला आहे. तो मजकूर वाचायचे साधन म्हणजे जनुकीय खुणा. गुणसूत्राच्या धाग्यावर जागोजागी दोन-तीन अक्षरांची पुनरावृत्ती असते. एका वाणात ती दहा वेळा, दुसऱ्यात चौदा वेळा. त्या तुकड्याच्या प्रती काढून विजेच्या दाबाखाली जेलमधून पळवल्या की आखूड तुकडा पुढे जातो, लांब मागे राहतो, आणि दोन वाणांतला फरक पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. दुसरी खूण याहून साधी, एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर. धानाचा संपूर्ण मजकूर, सुमारे ३८ कोटी ९० लाख अक्षरे, २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रकल्पातून वाचून झाला. अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारतीय प्रयोगशाळांनी वाचला. तेव्हापासून खुणांचा तुटवडा संपला आणि त्यातली कोणती मानायची हा प्रश्न उरला.

जांभळ्या पानाचा धडा इथे पुन्हा लागू होतो, आणि पहिला मान सुगंधाचा. सुवासिक तांदळाचा वास एका संयुगाचा असतो. आठव्या गुणसूत्रावरचे एक जनुक बिघडले की ते संयुग दाण्यात साठते. बासमतीत आणि थायलंडच्या जास्मिन तांदळात त्या जनुकातली आठ अक्षरे नेमक्या त्याच जागी गळलेली आहेत. एवढ्यावरून बासमती आणि जास्मिन सख्खी भावंडे म्हणावीत का? बाकीची गुणसूत्रे वेगळेच सांगतात. जास्मिन इंडिका गटात बसतो. बासमती, लांब सडक दाण्यामुळे ज्याला आपण इंडिकांचा राजा समजत आलो, तो मजकुराच्या दृष्टीने जपोनिकाला जवळ आहे, आणि त्यात पूर्व भारत-बांगलादेशाकडच्या ‘औस’ गटाचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये बासमतीचा पूर्ण मजकूर वाचला गेला तेव्हा हे अधिक स्पष्ट झाले. सुगंधाचा तो बिघाड जपोनिकाच्या पूर्वजांत एकदा झाला आणि संकरांमधून, माणसाच्या आवडीच्या जोरावर, गटागटांत पसरला. एकाच आडनावाची दोन माणसे भावकीतली असतीलच असे नाही, तसेच हे. पांढऱ्या तांदळाची गोष्टही अशीच. देवधानाचा तांदूळ लाल असतो. सातव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातली चौदा अक्षरे गळली आणि दाणा पांढरा झाला. जगातल्या जवळजवळ सगळ्या पांढऱ्या तांदळात, इंडिका असो की जपोनिका, हीच गळती सापडते, आणि तिचे मूळ जपोनिकाकडे जाते.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. खुणा इतक्या हिंडत्या असतील, तर त्यांच्यावरून नाते सांगणाऱ्या शास्त्रज्ञांचेच एकमत होत नाही, त्याचे काय? आक्षेप खरा आहे. २०११ मध्ये एका गटाने मांडले की लागवडीचे धान एकदाच, एकाच ठिकाणी माणसाळले. २०१२ मध्ये चिनी संशोधकांनी ४४६ रानटी आणि १,०८३ लागवडीचे नमुने वाचून सांगितले की जपोनिका आधी दक्षिण चीनमध्ये माणसाळला, आणि तो पश्चिमेकडे येऊन इथल्या रानधानाशी संकरित झाल्यावर इंडिका घडला. २०१५ मध्ये आणखी एका गटाने तशीच माहिती वेगळ्या रीतीने तपासून इंडिका, जपोनिका आणि औस यांची तीन स्वतंत्र उगमस्थाने काढली. वाचणाऱ्याला वाटावे की ज्याचे यंत्र त्याचे मत. पण तिन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की भांडण पुराव्याचे कमी आणि प्रश्नाचे जास्त आहे असे दिसते. चौथ्या गुणसूत्रावर एक अक्षर बदलल्याने दाणे झडायचे थांबले. हा बदल इंडिका आणि जपोनिका दोघांत एकच आहे. असे निवडलेले, माणसाने जपलेले तुकडे पाहाल तर उगम एक दिसणार. उरलेला विस्तीर्ण मजकूर पाहाल, ज्यावर माणसाची निवड चालली नाही, तर पूर्वज वेगवेगळे दिसणार. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात, कारण दाणे न झडण्याचा गुण संकरातून एका पिकाकडून दुसऱ्याकडे आला आणि बाकीचे शरीर स्थानिकच राहिले.

याला स्वतंत्र साक्ष हरितलवकाची आहे. पानातल्या या हिरव्या कणांचा स्वतःचा छोटासा मजकूर असतो आणि धानात तो आईकडूनच येतो, परागाबरोबर जात नाही. बहुतांश इंडिका वाणांच्या हरितलवकात एका ठरावीक जागी ६९ अक्षरे गळलेली असतात. जपोनिकात ती शाबूत असतात. रानधानात दोन्ही प्रकार आढळतात. म्हणजे आईकडची परंपरा दोघांची वेगळी आहे आणि ती फाटाफूट धान माणसाळण्याच्या आधीची आहे. झडणे थांबवणारे जनुक पूर्वेकडून आले असले तरी इंडिकाचा मातृवंश दुसऱ्याच रानधानाचा आहे. केंद्रकातल्या बारा गुणसूत्रांचे एक सांगणे, हरितलवकाचे दुसरे, आणि निवडलेल्या जनुकांचे तिसरे. हे तिन्ही जुळवूनच वंशाची हकीकत पुरी होते. यातला कोणताही एक धागा ओढून ‘तांदूळ मूळचा आमचा’ असे सांगणाऱ्याने, तो चीनमधला असो की भारतातला, उरलेले दोन धागे लपवलेले असतात.

दुसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो, आणि मला तो पहिल्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. शेतकऱ्याचा डोळा हे सगळे न वाचताच काम करतो, मग या खुणांचे नवल कशाला? शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये ‘पटेल-३’ धानाच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या, आणि त्यातून एचएमटी हे वाण झाले. ते पूर्व विदर्भाच्या घराघरांत आणि बाहेरही पोचले. कुठलीही प्रयोगशाळा नव्हती, आणि नजरेने हेरलेला फरक खरा निघाला. हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. वेगळी लोंबी दिसते ती तीन कारणांनी. बियाण्यातच भेसळ असेल, परका पराग आला असेल, किंवा त्या रोपात नवा बदल झाला असेल. डोळ्याला तिन्ही सारखीच. बारा गुणसूत्रांवर पसरलेल्या खुणा मात्र तिघांना वेगळे करतात. भेसळ असेल तर सगळ्याच गुणसूत्रांवर परकेपणा दिसेल, संकर असेल तर अर्धेमुर्धे तुकडे बापाचे सापडतील, आणि नवा बदल असेल तर एखादी जागा सोडून सगळे मूळ वाणाशी जुळेल. वाण कोणाचे, कोणापासून निघाले, असा वाद उभा राहतो तेव्हा हा भेद शेतकऱ्याच्याच बाजूचा पुरावा ठरू शकतो. आपला २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा मात्र वाणाचे वेगळेपण प्रामुख्याने बाह्य लक्षणांवरच तपासतो. धानासाठी साठहून अधिक लक्षणे पाहिली जातात, पानाचा रंग, कुसळ, दाण्याची लांबी वगैरे. जांभळ्या करग्याची हकीकत माहीत असलेल्याला हे थोडे धाडसाचे वाटेल.

भंडाऱ्याच्या चिन्नोरकडे याच नजरेने पाहावे. या सुवासिक तांदळाला भंडाऱ्याच्या नावाने भौगोलिक मानांकन आहे, आणि सीमेपलीकडे बालाघाटच्या चिन्नोरला २०२१ मध्ये वेगळे मानांकन मिळाले. मधे राज्याची सीमा आहे. बियाण्याची देवाणघेवाण, सोयरिकी आणि बाजार यांना ती कधी अडवत आलेली नाही. दोन चिन्नोर एकच की दोन, हा प्रश्न मानांकनाने सुटत नाही, आणि तो सोडवणे हे मानांकनाचे काम नव्हेच. ते माती, पाणी, पद्धत आणि लौकिक यांची दखल घेते. मात्र बाजारात चिन्नोरच्या नावाने दुसराच तांदूळ विकला गेला तर ओळखायचा कसा? वासावरून म्हणावे, तर सुगंधाचे जनुक संकरित वाणांतही घातले जाते. बासमतीच्या व्यापाराला ही अडचण आधी आली. हैदराबादच्या डीएनए फिंगरप्रिंटिंग केंद्राने वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या पुनरावृत्तीच्या खुणा एकत्र घेऊन अस्सल बासमती आणि भेसळ यांत फरक करणारी चाचणी बसवली. अनेक खुणा घेण्याचे कारण उघड आहे. दोन वाणांत एखादी पुनरावृत्ती योगायोगाने सारख्या संख्येची निघू शकते. वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या अनेक जागी तसा योगायोग होत नाही. चिन्नोरचा दर टिकवायचा असेल तर भंडाऱ्यालाही अशाच नोंदीची गरज पडेल, आणि ती बालाघाटच्या नमुन्यांसह घ्यावी लागेल, निकाल गैरसोयीचा आला तरी.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. देवधानाचे नाते कळून भंडाऱ्याच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडते? १९७०च्या दशकात आशियातल्या धानावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणूरोग आला. मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांवर नमुने तपासले आणि प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या निवाराच्या एका नमुन्यात. गुरदेव खुश आणि सहकाऱ्यांनी ते जनुक लागवडीच्या धानात उतरवले; १९७६ चे आयआर-३६ हे त्यातले गाजलेले वाण. हे जमले, कारण निवारा ‘एए’ आहे, गुणसूत्रांच्या जोड्या जमतात आणि तुकडा सहज बदलता येतो. तपकिरी तुडतुड्यांनी धान करपलेले पूर्व विदर्भाला नवे नाही. त्या किडीला तोंड देणारी जनुके ‘सीसी’ संचाच्या ऑफिसिनॅलिसमध्ये आहेत, पण ती आणताना जोड्या जमत नाहीत, कोवळा गर्भ दाण्यातून काढून काचनळीत वाढवावा लागतो आणि पुढच्या पिढ्यांत त्याचा पुन्हा पुन्हा धानाशी संकर करावा लागतो. कोणता नातेवाईक हाकेच्या अंतरावर आहे आणि कोणाकडे जायला वर्षे लागतील, हे गुणसूत्रे आधीच सांगून ठेवतात.

मात्र हाकेच्या अंतरावरचा नातेवाईक शुद्ध राहिलेला नाही. २०१७ मध्ये रानधानाच्या शेकडो नमुन्यांचा मजकूर तपासून दाखवले गेले की आशियातल्या रानधानात लागवडीच्या धानाचे अंश फार मोठ्या प्रमाणावर मिसळलेले आहेत. ज्याला आपण रानटी पूर्वज समजतो त्यातले काही पिकातून पळून पुन्हा रानटी झालेलेही असू शकतात. करग्याच्या जांभळ्या पानांनी जे एका प्रांतात डोळ्यांना दाखवले, तेच इथे खंडभर खुणांनी दिसते. यावर कुणी म्हणेल, मग जात या कल्पनेलाच अर्थ काय उरला? अर्थ उरतो, कारण मिसळण सगळीकडे सारखी नसते. बांधीला लागून असलेल्या काठावर ती जास्त असणार आणि पिकापासून दूर, खोल पाण्यात कमी, ही अपेक्षा धरता येते आणि खुणांनी तपासताही येते. एखाद्या रोपात पिकाचे तुकडे लांब आणि सलग असतील तर संकर अलीकडचा, बारीक आणि विखुरलेले असतील तर जुना. त्यामुळे मिसळ किती, कुठून आणि केव्हाची, हे मोजता येते. जातींमधली हद्द धुऱ्यासारखी रेघेची नाही, एवढाच या मिसळीचा अर्थ.

याचा थेट परिणाम तलावांच्या कामांवर व्हायला हवा. मामा तलाव गाळाने भरले आहेत आणि गाळ काढणे गरजेचे आहे, याबद्दल दुमत नाही. पण यंत्राने तळ सरसकट खरवडला की देवधानाचे गळून पडलेले बी आणि बारमाही रोपांची ठोंबे दोन्ही गाळाबरोबर शेतांत जातात. उरते ते काठावरचे, म्हणजे पिकात सर्वाधिक मिसळलेले. बाहेरून पाहणाऱ्याला देवधान अजून आहेच असे वाटेल. ज्या तलावांत ढिवरांच्या मच्छीमार संस्था पाणवनस्पती जपून आहेत, तिथे गाळ काढण्याआधी खोल पाण्यातले आणि काठाचे बी वेगवेगळ्या पिशव्यांत, तलावाच्या नावानिशी गोळा केले, आणि तळाचा एक पट्टा न खरवडता सोडला, तर खर्च फारसा नाही. साकोलीला कृषी विद्यापीठाचे धान संशोधन केंद्र आहे, अकोल्याला राष्ट्रीय वनस्पती अनुवंश संसाधन ब्युरोचे केंद्र आहे. दोन पिशव्या एकत्र ओतल्या गेल्या तर मात्र पुढे कितीही खुणा वाचल्या तरी कोणते बी कुठल्या पाण्यातले हे सांगता येणार नाही.